पानांचे कोपरे

अक्काच्या दंडावरचा ठिपका पिवळा झाला, तेव्हा ती मांडीवर ताट घेऊन वाटाणे सोलत बसली होती.

"अक्का, हात दाखव."

"हातात शेंगा आहेत."

"दंड दाखव म्हणतोय मी."

तिनं पदर सरकवून स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र होतं. एरवी ते कोवळ्या पानासारखं हिरवं दिसे. आता ते हळदीचं बोट लागल्यासारखं दिसत होतं.

"काही होत नाहीय मला," ती म्हणाली. "ताप नाही, थंडी नाही. तुझ्या त्या चाहुलीला म्हणावं, एवढे वाटाणे होऊ देत."

"चाहूल उगाच पिवळी होत नाही."

"मग तू सोल. मी जाते."

अक्का माझी थोरली बहीण. पोस्टात छत्तीस वर्षं नोकरी केलेली, लग्न न केलेली, पंच्याहत्तर वर्षांची. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. मिरजेच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. माझी बायको गेल्यावर अक्का माझ्याकडे राहायला आली आणि तीन वर्षांनी तिला लिव्हर सिरॉसिस असल्याचं कळलं. गावात कुजबुज झाली. सिरॉसिस म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. आमच्या घरात पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून प्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. अक्का भेटायला येणाऱ्याला स्वतःच सांगायची, "ताक पिऊन पिऊन गेलं हो माझं लिव्हर." खरं कारण मधुमेह, वजन आणि पोस्टाच्या खुर्चीत बसून काढलेली वर्षं.

रिक्षा मागवली, तोवर तिनं वाटाणे संपवले. टरफलं बाजूला काढून ताटावर झाकण ठेवूनच ती उठली.

*

माझ्या रविवारच्या वर्गातल्या मुलांना मी जसं समजावून सांगतो, तसंच इथं सांगतो.

आपल्या आतड्यांत कोट्यवधी जंतू राहतात. ते तिथं राहणं चांगलंच असतं, फक्त त्यांनी तिथंच राहायला हवं. आतड्यांतून निघालेलं सगळं रक्त आधी लिव्हरमधून जातं. लिव्हर म्हणजे आपल्या पाण्याच्या हंड्यावरचं दुहेरी फडकं. चुकून रक्तात आलेला जंतू तिथल्या पेशी पकडतात आणि खाऊन टाकतात. सिरॉसिसमध्ये हे फडकं वाळून कडक होतं. रक्ताला वाट मिळत नाही. मग ते आडवाटा शोधतं, फडक्याला वळसा घालून थेट साऱ्या शरीरात जातं, आणि त्याच्याबरोबर न गाळलेले जंतूही. जंतूंशी लढणारी बरीचशी प्रथिनं लिव्हरच बनवतं, तीही कमी पडतात. पोटात पाणी साठतं ते वेगळंच. त्या साठलेल्या पाण्यात एखादा जंतू शिरला तर त्याला अडवणारं तिथं फारसं कुणी नसतं, आणि तिथून रक्त दूर नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की असा माणूस तापतसुद्धा नाही. शरीराला बोंब मारायचं बळच उरलेलं नसतं. जरा गुंगी येते, लघवी कमी होते, घरचे म्हणतात दमला असेल, आणि दोन दिवसांत माणूस हातचा जातो. पूर्वी असे कितीतरी जात.

म्हणून चाहूल आली. जंतूच्या बाहेरच्या कवचाचे बारीक तुकडे रक्तात फिरू लागले की या दाण्याच्या आतले रेणू त्यांना चिकटतात आणि रंग बदलतात. लक्षणं दिसायच्या बारा-चौदा तास आधी. दवाखान्यात जंतूची जनुकं तासाभरात वाचतात आणि नेमकं औषध सुरू होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची मला गरज नव्हती. चाहुलीच्या मागोमाग 'माग' आला. सिरॉसिसच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातले, नाकातले, हातांवरचे जंतू सुरुवातीलाच नोंदवून ठेवायचे. प्रत्येक माणसाच्या अंगावरची जंतूंची वंशावळ थोडी वेगळी असते. पुढं रुग्णाच्या रक्तात जंतू सापडला की पुण्याची प्रयोगशाळा दोन्ही वंशावळी जुळवून पाहते आणि सांगते, हा कोणाकडून आला. हेतू शिक्षेचा नव्हे, चूक सुधारण्याचा. कायदाही तसाच केलेला. नाव फक्त त्या माणसालाच कळवायचं. ते इतरांना सांगायचं की नाही, हे त्यानं पंधरा दिवसांत ठरवायचं.

तो कायदा विधानसभेत आला, तेव्हा मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. ज्याच्या हातून चूक झाली, त्याला लपायला जागा कशाला, असा माझा सवाल होता. पत्र छापून आलं होतं. कात्रण अजून आहे.

*

"आलात हे बरं केलंत," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. अक्काला सलाईन लावून झालं होतं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. स्ट्रेप्टोकोकस आहे, तोंडात राहणारा. आतड्यातला असता तर वेगळा निघाला असता. पोटातल्या पाण्यातही तोच आहे. म्हणजे बहुतेक नळीतून गेला."

अक्काच्या पोटाच्या उजव्या बाजूला एक बारीक नळी कायमची बसवली होती. तिच्या टोकाला बोटभर झडप. दर दोन दिवसांनी झडप उघडून साठलेलं पाणी पिशवीत काढायचं.

"नळी कोण हाताळतं?"

"मी. आणि सुवर्णा म्हणून काळजीवाहक येते, ती. आलटून पालटून."

"माग लावायचा का? रांग मोठी आहे पुण्याला, तीन आठवडे जातील."

"लावा," मी म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही. माझं पाणी काढणं म्हणजे पाठ्यपुस्तकातली आकृती होती. कोपरापर्यंत हात धुवायचे, मनात वीस आकडे मोजायचे, स्पिरिट चोळायचं. संधिवातामुळं हातमोज्यातून मला झडप लागत नसे, म्हणून सिस्टरनी उघड्या, स्वच्छ हातांची परवानगी दिली होती. ती मला माझ्या स्वच्छतेची पावतीच वाटे.

सुवर्णाचं तसं नव्हतं. निदान मला तसं वाटे. ती पंचेचाळिशीची, दणकट, मोठ्यानं बोलणारी. तोंडात कायम सुपारीचं खांड. नवऱ्याचं स्टेशन रोडला चिकनचं दुकान, सकाळची दोन तास ती तिथं असायची. तिथून घरी जाऊन अंघोळ करून आमच्याकडे यायची, हे मला माहीत होतं. तरी ती दारात आली की माझं नाक आपोआप बारीक व्हायचं. अक्काला तिचं भारी कौतुक. दोघी पाणी काढता काढता सिरियलमधल्या सासवांचा पंचनामा करत.

"ती आली की अर्धा तास कसा जातो कळत नाही," अक्का म्हणायची. "तू आलास की वर्ग भरतो. आधी वहीत तारीख, मग वजन, मग मागच्या वेळचं पान. अरे, पोटात पाणी आहे माझ्या, निबंध नाही. आणि त्या पानांची चव घेणं सोड. आमच्या पोस्टात तिकिटांना ओला स्पंज असायचा."

मी हसत असे. तिचे टोमणे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

*

अक्का बारा दिवस दवाखान्यात होती. आठव्या दिवशी धोका टळला. तो रविवार होता आणि मी वर्ग घेतला.

दर रविवारी गल्लीतली सात-आठ मुलं आमच्या पडवीत जमतात. त्या दिवशी विषय ठरला होता जंतू. चायना ग्रास उकळून, त्यात थोडी साखर आणि डाळीचं पाणी घालून मी काचेच्या झाकणवाल्या ताटल्यांत त्याची जेली केली होती. या जेलीवर बोट टेकवलं की दोन दिवसांत बोटावरच्या जंतूंच्या वसाहती डोळ्यांना दिसतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

तेवढ्यात सुवर्णा अक्काचे धुतलेले कपडे घेऊन आली.

"सुवर्णा, जरा इकडं ये. प्रयोगाला हात पाहिजे एक."

"माझा? आवं सर, कपडे ठिवते आधी."

"असेच दे. धुऊ नकोस."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मुलांकडं. हसत पुढं आली. पाचही बोटं जेलीवर टेकवली. झाकण लावून मी वर चिठ्ठी चिकटवली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : सुवर्णा.

तन्वी नावाची दहा वर्षांची मुलगी आहे. सगळ्यात पुढं बसते. ती म्हणाली, "सर, तुमचं बोट?"

"माझे हात आत्ताच धुतलेत."

"मग धुतलेल्याचं पण बघूया ना. तुलनेला."

"वेळ झाला आता," मी म्हणालो.

छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की तुलनेसाठी दुसरी ताटली नसेल तर तो प्रयोग नव्हे, तमाशा. त्या दिवशी दहा वर्षांच्या मुलीनं मला तेच सांगितलं आणि मी वेळ झाला म्हणालो.

मंगळवारी सुवर्णाच्या ताटलीत पांढऱ्या, पिवळसर टिपक्यांची रांगोळी उठली. कोणाच्याही न धुतलेल्या बोटांनी उठली असती. मी फोटो काढला. त्याच दिवशी काळजीवाहकांच्या जिल्हा यादीकडं तक्रार पाठवली, फोटोसकट. खाली एक वाक्य लिहिलं : 'सदर महिलेच्या घरी कोंबडी कापण्याचा व्यवसाय आहे.' हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पाठवलं.

तक्रार आली की निकाल लागेपर्यंत काळजीवाहकाचं सगळं काम थांबतं, असा नियम. सुवर्णा आमच्याशिवाय आणखी दोन घरी जात असे. तीही बंद झाली. तिचा फोन आला तो मी उचलला नाही.

*

अक्का घरी आली. पहिला प्रश्न : "सुवर्णा कुठाय?"

"तिच्याविषयी चौकशी चालू आहे."

"कसली?"

"तुझ्या रक्तात जंतू कसा गेला याची."

"आणि तिनं घातला?" अक्कानं डोळे मिटले. ती खूप वाळली होती. डॉक्टर मुजावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, अशा एका संसर्गानंतर लिव्हर बरंच मागं जातं. पुढचा झेपेल असं नाही. "कोण म्हणालं?" अक्कानं डोळे न उघडताच विचारलं.

मी तिची औषधं लावू लागलो.

आठ-नऊ दिवसांनी मागाचं पत्र आलं. फोनवर, मला एकट्याला. 'हा अहवाल फक्त आपल्यासाठी आहे,' अशी सुरुवात होती.

रुग्णाच्या रक्तातला जंतू आणि माझ्या तोंडातला जंतू एकाच वंशावळीतले होते. शंकेला जागा नव्हती. खाली दोन चौकोन होते, संमती आणि नकार. संमती दिली तर नाव जाहीर होईल, तक्रार रद्द होईल, आणि मी ठरावीक प्रशिक्षण पुरं करून परीक्षा देईपर्यंत मला नळीला हात लावता येणार नाही. नकार दिला किंवा मुदत जाऊ दिली तर अहवालात 'स्रोत अनिश्चित' असा शेरा येईल. तक्रारीतल्या व्यक्तीच्या नावापुढं 'संशयित' हा शब्द राहील. तो शब्द वाचून तिला कोण कामावर घेईल?

मी फोन पालथा ठेवला.

माझा पहिला विचार असा होता : प्रयोगशाळेची चूक असणार. दुसरा विचार : तोंडातला जंतू नळीपर्यंत कसा जाईल, मी तर मास्क लावतो. मला मार्गच सापडेना. आणि मार्ग सापडत नाही म्हणून मी स्वतःला निर्दोष समजू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी काढायचं होतं. नेहमीसारखे हात धुतले. वीस आकडे. स्पिरिट. मास्क हनुवटीवर होता, कारण चष्म्यावर वाफ येते आणि लिहिताना दिसत नाही. झडप उघडायच्या वेळी तो मी वर घेतो. प्रयोगशाळेतला माझा नियम, आधी नोंद, मग कृती. मी वही पुढं ओढली. मागचं पान चिकटलं होतं.

अंगठा जिभेला लागलेला होता, तेव्हा मला तो दिसला.

मी तसाच थांबलो. मग वही पुरती उघडून पहिल्या पानापासून बघत गेलो. एक पान माझं, एक पान सुवर्णाचं. माझ्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा फुगून खरखरीत झाला होता, पिवळट. पावसात भिजून वाळलेल्या कागदासारखा. सुवर्णाच्या एकाही पानाला तसा कोपरा नव्हता. ती आधी पाणी काढायची, हातमोजे उतरवायची आणि मग लिहायची. तिरकं, चुकांनी भरलेलं अक्षर. 'आक्का आज हासल्या.' 'पानी दीड लीटर.' एकदा मी तिच्या त्या पानावर लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं.

"काय झालं?" अक्का म्हणाली. "वही का चाळतोयस?"

"काही नाही."

मी पुन्हा हात धुतले आणि पाणी काढलं. अक्का छताकडं बघत पडून होती.

*

सांगायला लाज वाटते, पण त्यानंतर नऊ दिवस मी चौकोनावर बोट ठेवलं नाही.

कारणं भरपूर होती. अक्काला माझी गरज आहे. आता माझी चूक मला कळलीय, मी ती परत करणार नाही, मग हेतू साध्य झालाच. सुवर्णाचं दुकान आहे, ती उपाशी राहणार नाही. या वयात गावासमोर हे? सगळ्या वर्गानं मला उभं केलंय आणि बाकावर हात पुढं करायला सांगितलंय, असं रोज वाटायचं. मी मुलांची नखं तपासत असे. दर सोमवारी, प्रार्थनेनंतर, रांगेत. ज्याची घाण असतील त्याला पुढं बोलवून सगळ्यांना दाखवत असे. त्या मुलांचे चेहरे मला तेव्हा आठवत नसत. त्या नऊ दिवसांत आठवले.

दहाव्या दिवशी अक्का म्हणाली, "सुवर्णाचा फोन आला होता मला. ती कामाला जायची त्या पाठक आजोबांची मुलगी तिला दारातून परत पाठवते म्हणाली. आजोबा रडतात तिच्यासाठी. तिनं केलं नाही म्हणते. मी म्हटलं मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे?"

"माझं पोट आहे ते. मी बघत पडलेली असते."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं. पत्र, वंशावळ, वही, कोपरे. ती ऐकत राहिली. तिच्या टोमण्याची मी वाट पाहत होतो. तो आला असता तर बरं झालं असतं.

"मी बघायची दर वेळी," शेवटी ती म्हणाली. "जीभ लावतोस, पान उलटतोस, मग हात घालतोस. एक-दोनदा मनात आलं, हे बरोबर आहे का? पण म्हटलं, याला माहीत असेल. सगळ्या गावाला हात धुवायला शिकवलेला माणूस. तुला कोण सांगणार? तू सर ना."

"अक्का, मला..."

"माझं राहू दे. मी वाचले. तू तिचं काय करणार ते सांग."

मी फोन काढला आणि तिच्यासमोर संमतीवर बोट टेकवलं. तिनं ते पाहिलं आणि कूस बदलली. मानेखालची उशी सरकली होती. ती सारखी करायला मी हात पुढं केला आणि मग मागं घेतला.

*

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुवर्णा पाट्याशेजारी उभी राहून फरशी धूत होती. मला पाहून तिनं नळ बंद केला. नवरा आतून म्हणाला, "कोण आहे?"

"मगदूम सर," ती म्हणाली. "चिकन न्हाई घेत ते."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उन्हात. ती पदरानं हात पुसत ऐकत होती.

"म्हंजे तुमच्या थुकीनं," ती म्हणाली.

"हो."

"आन्‌ मला म्हाईना झाला घरी बसून."

"तक्रार कालच रद्द झाली. यादीवर तुझं नाव परत आलंय. पाठकांना मी स्वतः जाऊन सांगितलंय आज सकाळी. लेखी दिलंय."

"ते दुकानाचं कशाला लिवलं होतंत?" तिचा आवाज चढला. "वाचून दाखवलं मला त्या बाईनं, चौकशीला गेले तवा. कोंबडी कापायचा व्यवसाय. सहा वर्सं आक्कांचं पोट धरलं मी या हातानं. तवा कोंबडी न्हवती का?"

नवरा बाहेर येऊन दारात उभा राहिला होता.

"माफ कर म्हणायला आलोय."

"मला एकटीला काय म्हणताय? पोरांसमोर बोटं दाबायला लावलीत. हसत आले मी. वाटलं, सर शिकवत्यात, आपला बी उपेग हुतोय. ती पोरं आता गल्लीत मला बघून हात मागं घेत्यात." तिनं नळ पुन्हा सोडला. "तिथं काय ते बोला. आन्‌ आक्कांचं पानी मी काढते. रविवारचं बी. तुमच्यासाठी न्हाई."

*

रविवारी मुलं जमली. आतल्या खोलीत सुवर्णा अक्काचं पाणी काढत होती. दार लोटलेलं होतं, पण आमच्या पडवीतलं सगळं आत ऐकू जातं.

मी दोन ताटल्या आणल्या होत्या. शुक्रवारी सकाळीच बोट टेकवून ठेवलेल्या. पहिलीत नुकताच धुतलेला अंगठा. तीत जवळजवळ काही नव्हतं. दुसरीत तोच धुतलेला अंगठा, पण जिभेला लावून. तीत राखाडी टिपक्यांची गर्दी होती. दोन्हींवरच्या चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट.

मुलं वाकून पाहू लागली. "ईऽऽ," एक जण म्हणाला, आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाला.

"ई म्हण," मी म्हणालो. "माझंच आहे."

मग मी त्यांना सांगितलं. लिव्हरचं फडकं, नळी, वही. मी दर वेळी काय करत होतो आणि त्यानं अक्काच्या रक्तात काय गेलं. मागच्या वेळी मी सुवर्णामावशीला हात न धुता बोटं का टेकवायला लावली. त्या ताटलीचा फोटो काढून मी कुठं पाठवला. काही मुलांना सगळं कळलं, काहींना नाही. मी घाई केली नाही. जे कळलं नाही ते पुन्हा सांगितलं.

तन्वी बराच वेळ दुसऱ्या ताटलीकडं बघत होती.

"सर, मी म्हटलं होतं ना तेव्हा, तुमचं पण बोट?"

"म्हटलं होतंस."

"मग तुम्ही का नाही लावलं?"

मी इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'पुढच्या तासाला बघू' म्हणायचं, हे मला चांगलं जमतं. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"मला वाटलं होतं, माझं तपासायची गरजच नाही," मी म्हणालो. "आणि तू लहान आहेस, म्हणून तुझं ऐकलं नाही."

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही, मला कळलं नाही. एका मुलानं विचारलं, "मग सुवर्णामावशीच्या हाताला हात लावला तर चालतो?" आतली कुजबुज थांबली.

"चालतो," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा जास्त चालतो."

आतून सुवर्णाचा आवाज आला. "सर, वही संपली. दुसरी द्या."

कपाटातून मी नवी वही काढली. दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबलो. दार अर्धवट उघडलं. तिच्या खांद्यावरून मला अक्काच्या पायांवरची चादर दिसत होती. सुवर्णानं दुसऱ्या हातातला मोजा काढून टाकला आणि हात पुढं केला.

वही घेण्याआधी तिनं विचारलं, "उघडली न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं वही घेतली आणि दार लावून घेतलं.